पाहणी कोणाची आणि पैसा कोणाच्या हाती?

अपंगांच्या स्थितीविषयी संशोधन व्हावे व त्याकरिता सरकारने पैसा द्यावा, यास आज कोणी उघड विरोध करीत नाही. वाद आहे तो पुढेच. संशोधनात कोणता प्रश्न विचारावयाचा हे कोणी ठरवावे आणि मंजूर रक्कम कोणाच्या हाती द्यावी? आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही अधिकार प्रथम अपंगांचेच आहेत.

बौद्ध वाचकांस ही मागणी नवी वाटू नये. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे असा आग्रह धरला. १९३० साली स्टार्ट समितीने मुंबई इलाख्यातील अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीचा अहवाल दिला, तेव्हा बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. ज्यांची पाहणी व्हावयाची त्यांच्यापैकी एक जण पाहणी करणाऱ्यांच्या बाकावर बसला होता. उलट १९३२ साली निघालेल्या व पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचा कारभार स्पृश्यांच्याच हाती राहिला आणि बाबासाहेब तीतून बाहेर पडले. अस्पृश्यांनी कारभारात वाटा मागितला, तेव्हा हे तर स्पृश्यांच्या प्रायश्चित्ताचे काम आहे, असे उत्तर मिळाले.

आता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पाहा. ('दिव्यांग' हा शब्द २०१५ च्या अखेरीस वरून आला व अपंगांच्या अनेक संघटनांनी त्यास हरकत घेतली. ज्यांना 'हरिजन' हे नाव चिकटविले गेले, त्यांस त्या हरकतीचे मर्म सांगावयास नको.) कलम ६ प्रमाणे अपंग व्यक्तीवर संशोधन करावयाचे तर तिची स्वेच्छेने व समजून दिलेली संमती पाहिजे, शिवाय अपंगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी पाहिजे. या समितीचे किमान निम्मे सभासद स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत संस्थेचे सभासद असावेत. तो 'किंवा' नीट वाचावा. कलम २ मधील व्याख्येत अपंगांची वा त्यांच्या पालकांची संघटना येतेच; पण अपंगांच्या कल्याणासाठी काम करणारा कोणताही नोंदणीकृत धर्मादाय न्यासही येतो. म्हणजे एकही अपंग न घेता हे निम्मे सभासद न्यासांतून भरता येतात आणि कायद्याचे अक्षरही मोडत नाही! सेवक संघाचा दरवाजा तो हाच.

पैशाचेही तेच. कलम २८ सरकारवर संशोधनाची जबाबदारी टाकते; कलम ८६ व ८८ राष्ट्रीय व राज्य निधीची तरतूद करतात. परंतु संशोधनाचे नेतृत्व अपंगांकडे असावे, असे यांपैकी एकही कलम म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. त्यात अपंगांच्या संघटनांशी निकट सल्लामसलत करण्याचे बंधन आहे. सल्ला विचारणे निराळे आणि कारभार सोपविणे निराळे.

२०११ च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के आढळले. हा फरक कशाने पडला? सोलापुरात यंत्रमागावर बोटे गमावलेल्या कामगारास बाहेरचा पाहणीदार विचारील, सरकारी मदत मिळाली काय? तोच कामगार प्रश्नावली तयार करील तर विचारील, अपघातानंतर नुकसानभरपाईचा अर्ज कोणी करू दिला नाही? विडी वळता वळता दम्याने खंगलेली स्त्री आणखी निराळे विचारील. अपंगांच्या संघटनेतही वस्तीवरच्या बौद्ध स्त्रीस जागा आहे काय, हे पाहावे लागेल.

आपल्या घरांकडेही पाहावे. धम्मदीक्षा घेतल्यावरही काही कुटुंबे अपंग मुलास पूर्वजन्मीचे फळ समजून गणनेच्या वेळी त्याचे नाव सांगत नाहीत. मागील जन्मीच्या कर्माची शिक्षा या जन्मी भोगावी लागते, हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारले आहे. ज्याचे नावच कागदावर नाही, त्याच्या हाती निधी कोण देणार?

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. सोलापूर जिल्हा परिषदेने, महानगरपालिकेने व ग्रामपंचायतींनी या रकमेचा काही भाग अशा पाहणीस द्यावा की जिची प्रश्नावली गावचे अपंग स्त्री-पुरुष ठरवतील, पाहणीदार तेच नेमतील आणि त्यांना त्या कामाचा मेहनताना मिळेल. ब्रेल, खुणांच्या भाषेचा दुभाषी व प्रवास यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. मागाहून कोणाच्या दयेवर सोडू नये. अहवाल प्रथम ग्रामसभेत वाचावा, मग मुंबईस पाठवावा. सोलापूर विद्यापीठानेही अशा पाहणीस मार्गदर्शक द्यावेत, मालक नव्हे.

येत्या ग्रामसभेपूर्वी या मागणीचा ठराव लिहून सरपंचांकडे द्यावा. ज्या घरी अपंग व्यक्ती आहे, त्या घराने तिला सभेस न्यावे व ठराव तिच्याच नावे मांडावा.