बिरादरी शिक्षकांची



आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठासाठी येतात. यंदा आलेल्या दोन मुली एकमेकींपासून पाठ टाचणाची वही लपवत होत्या. विचारले तर एक म्हणाली, “मॅडम, पुढे टेट परीक्षेत आम्ही समोरासमोरच आहोत ना!” उत्तर खोटे नव्हते, म्हणूनच ते मनाला लागले.

बिरादरी हा शब्द आपल्या घरात रिश्त्याच्या वेळी हमखास निघतो. शिक्षकांचीही एक बिरादरी असते, पण ती जन्माने मिळत नाही. अमेरिकेत शिक्षण क्षेत्रातल्या लोकांची ‘फाय डेल्टा काप्पा’ ही बिरादरी उभी राहिली. तिचे मूळ 1906 सालचे. स्त्रियांना मात्र तिची दारे 1974 मध्ये उघडली.

आपल्याकडची गोष्ट याहून जिव्हाळ्याची. आपल्या हडपसरचे साधना विद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचे, ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी काढली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. तिथे मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले.

1935 मध्ये संस्थेने साताऱ्यातच प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. तिथून तयार झालेले मास्तर शाळा नसलेल्या खेड्यांत गेले. देवळात, चावडीत, जागा मिळेल तिथे वर्ग भरले. एका ताटात जेवलेल्यांना एकमेकांपासून वही लपवावी लागत नाही.

आपल्याला हे नवे नाही. मस्जिदे नबवीतल्या सुफ्फ्यावर घरदार नसलेले सहाबा एकत्र राहत, मिळेल ते वाटून खात आणि इल्म शिकत. पुढे त्यांनीच ते इतरांपर्यंत पोहोचवले.

आम्ही त्या दोघींना एक काम दिले. एकीचा पाठ चालू असताना दुसरीने मागच्या बाकावर बसायचे आणि नंतर खरे ते सांगायचे. अपूर्णांक शिकवताना एक अडखळली, तेव्हा दुसरीने सुचवले, “उद्या डब्यातली रोटी घे, मुलांसमोर चार तुकडे कर.” दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसत हसत पाव आणि अर्धा शिकला.

टेटच्या जागा त्याने वाढल्या नाहीत. पण निदान दोन शिक्षिका एकट्या राहिल्या नाहीत. तुमच्या घरात कोणी डी.एड., बी.एड. करत असेल, तर गुणांबरोबर तिला हेही विचारा: बेटी, तुझी वही तू कोणाला दाखवतेस?