कुंभाराच्या वाट्याचं ऊन

कुंभार निसर्गातून प्रेरणा घेतो, असं प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत हमखास छापलेलं असतं. खोटं नाही ते. पण धारावीच्या कुंभारवाड्यात निसर्ग आधी वेळापत्रक म्हणून येतो. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. पावसाळ्यात चाक फिरतं, पण मडकं सुकता सुकत नाही. काठ आधी वाळला आणि बूड ओलं राहिलं की तडा जातो. ओल आत दडून राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि मडकं फुटतं. हे हाताला कळायला उभा जन्म जातो.

मातीच्या अशा वेडाचं ठळक नाव म्हणजे ब्रह्मदेव राम पंडित. जन्म बिहारमधला, कार्यशाळा भाईंदरची. बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली स्टोनवेअर भांडी आणि त्यांच्यावरची झिलई यांत त्यांनी आयुष्य घातलं. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच. मात्र पद्मश्रीने कुणा कुंभाराला मडकी सुकवायला अंगण मिळत नाही.

घराइतकीच कामाची जागाही लागते, हे वरळी कोळीवाड्याला समजावून सांगावं लागणार नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या ये-जा करणार, तर खांबांमधलं ६० मीटर अंतर अपुरं आहे, असं इथले मच्छीमार सांगत राहिले, त्यासाठी भांडले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते १२० मीटर करायचं मान्य केलं. राहतं घर शाबूत, पण होडीची वाट बिकट, असं झालं तर कोळ्याने करायचं काय?

कुंभारवाड्यातही नेमका हाच पेच आहे. सौराष्ट्रातून आलेल्या या घराण्यांना गेल्या शतकात दक्षिण मुंबईतून धारावीत यावं लागलं. आता पुनर्विकासात पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचं घर देण्याची घोषणा आहे. राहायला ते बरंही असेल. पण माती कालवायची कुठे, आणि वरच्या मजल्यावर भट्टी लावू कोण देणार?

चिंध्या जाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर त्रासदायक आहे, आणि तो सर्वांत आधी कुंभाराच्याच घरात शिरतो. म्हणून गॅसच्या सामाईक भट्ट्या द्याव्यात. त्यांच्या शेजारी माती साठवायला जागा आणि दिवसभर ऊन पडेल असं अंगण तळमजल्यावर राखून ठेवावं, आणि आराखड्यात त्यांची कुंभारांच्या नावानिशी नोंद करावी.