गार्ड आडवं येतं!

मी कॉन्व्हेंटची. मराठीत लिहायला बसले की निम्मे शब्द इंग्लिशच आठवतात, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्लिश सेक्शनला देऊन उपयोग नव्हता. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं मराठीतच बोलतात.

दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या शेतावर गेले होते, मानवत तालुक्यात. कापसाची वेचणी चालू होती. मामा गोठ्यापुढे बसून रोटाव्हेटरचा गंजलेला नट कापत होते. हातात नवाकोरा कॉर्डलेस ग्राइंडर. नट पायाच्या टाचेशी दाबलेला, गळ्यात उपरणं, डोळ्यांवर काही नाही, आणि ठिणग्यांचा फवारा सरळ कडब्याच्या गंजीकडे! मशीनचं गार्ड कुठंय म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, "अगं माय, गार्ड आडवं येतंय. काढून ठेवलं. वर्षभर झालं वापरायलाव, काय झालं का मला?"

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंय का? मी ऐकलंय. परभणीत जिंतूर रोडला ऐकलं, वसमत रोडला ऐकलं, आणि खरं सांगू? आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येसुद्धा ऐकलं.

मग मी मोबाइलवर गणित केलं. व्हायव्हाला आपण घडाघडा म्हणतो ते साधं सूत्र, पाय डी एन. डिस्क 100 मिलिमीटरची, मशीनवर लिहिलेला वेग 8500 आरपीएम. उत्तर आलं ताशी सुमारे 160 किलोमीटर. मामांना म्हटलं, "मामा, आपली देवगिरी एक्स्प्रेस कधी एवढ्या वेगात धावली आहे का? तुमच्या डिस्कची कड या वेगाने फिरते. ती फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटणार, आणि मधे काय आहे? फक्त तुमचं तोंड." मामा हसले. पण मशीन खाली ठेवलं.

हा ग्राइंडर 1954 मध्ये जर्मनीत तयार झाला. तेव्हापासून त्याला गार्ड का लावतात, याचा विचार आपण करत नाही. गार्ड लोखंडाला आडवं येत नाही, ते फुटलेल्या डिस्कला आडवं येतं. आपल्याकडे ते निघतं कशासाठी? तर बऱ्याचदा मोठं ब्लेड बसवायला! मामांच्या डब्यात लाकूड कापायचं दातेरी ब्लेड निघालं. बाभळीच्या फांद्या तोडायला आणलेलं. ते गार्डमध्ये मावत नाही म्हणून गार्ड गेलं. त्या ब्लेडचे दात लाकडात अडकले की मशीन उलटं अंगावर उसळतं. ग्राइंडर म्हणजे करवत नव्हे!

कॉर्डलेसचा धोका आणखी वेगळा आहे. वायरवाल्या मशीनला निदान प्लग होता. आपल्या भागात तर लाइट गेली की काम आपोआप थांबायचं! आता बॅटरी आहे, म्हणून मशीन शिडीवर जातं, झाडावर जातं, गंजीपाशी जातं. हलकं असल्यामुळे खेळणं वाटतं आणि लोक एका हाताने चालवतात. डिस्क बदलताना बॅटरी काढायची असते हे किती जणांना माहीत आहे? बॅटरी तशीच ठेवून पाना लावला आणि अंगठा स्विचवर गेला, की बोटं गेली. स्विच बंद केल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत राहते. ती थांबायच्या आत मांडीवर ठेवणारे मी पाहिलेत.

आणि डोळे... फॅब्रिकेशनच्या दुकानात डोळ्यात किस गेला की शेजारचा कारागीर काडीपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढतो. सगळे म्हणतात, त्याचा हात हलका आहे. पण लोखंडाचा तो कण गरम असतो, बुबुळात रुततो आणि तिथेच गंजतो. जखम चिघळली तर नजर जाते. कण डोळ्याच्या डॉक्टरनेच काढायचा, दुसऱ्या कोणीही नाही.

1948 च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी 35 वं कलम होतं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. पण दोन-तीन माणसांचं पत्र्याचं दुकान तेव्हाही ‘कारखाना’ नव्हतं आणि आताही नाही. मामांचा गोठा तर नाहीच नाही! इन्स्पेक्टर तिथे कधीच येणार नाही. मग कोण सांगणार? माझं स्पष्ट मत आहे की आपणच सांगायला हवं.

पण आधी आपण तरी पाळतो का? सर आले की गॉगल डोळ्यांवर, सर गेले की कपाळावर. मागच्या वर्षी एका हॉस्टेलमध्ये हरवलेल्या किल्लीपायी कपाटाचं कुलूप प्रोजेक्टच्या ग्राइंडरने कापलं. ठिणग्या गादीवर पडल्या. बादलीत पाणी होतं म्हणून निभावलं. कापणाऱ्यांत मीही होते, ओढणी गळ्यात घालून. लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

म्हणून एवढंच सांगते. गार्ड काढू नका. गॉगल घाला. केस बांधा, ओढणी-उपरणं काढून ठेवा. वस्तू शिकंजात पकडा आणि मशीन दोन्ही हातांनी धरा. डिस्कवरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. तडा गेलेली, भिजलेली, मुदत संपलेली डिस्क फेकून द्या. कापायच्या डिस्कच्या बाजूने घासू नका. नवी डिस्क आधी मिनिटभर मोकळी फिरवा, तिच्या रेषेत उभं न राहता. आसपास कडबा, कापूस, डिझेल नको, आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

आणि सुट्टीत गावी जाताना एक साधा गॉगल घेऊन जा. मिठाईपेक्षा स्वस्त पडतो!

मामांनी त्या दिवशी गार्ड शोधून बसवलं. मी तिथे होते तोवर तरी ते जागेवर होतं. आता दर रविवारी फोनवर मामी विचारते, "जेवलीस का?" आणि मी विचारते, "मामी, गार्ड आहे का?"