मोजून पाहिलंय का?

प्रोजेक्ट सबमिशनचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : 'प्लीज फॉर्म भरा ना, दोनच मिनिटं लागतील.' विषय झोप, स्ट्रेस, स्क्रीन टाइम नाहीतर डाएट. आपणही जिना उतरता उतरता भरून टाकतो. रोज किती तास झोपता? सात. झोपतो पाचच, पण सात बरं दिसतं. असे शंभर 'सात' जमले की पाय चार्ट निघतो, स्पायरल बाइंडिंग होतं आणि आरोग्यावरचं संशोधन तयार!

आतापर्यंत हे हसण्यावारी नेता येत होतं. पण चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनाचं घेता येतं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर हा पर्याय खुला होतो आणि प्रबंधाला १२ क्रेडिट्स आहेत. तिथेही गुगल फॉर्मच फिरणार असतील, तर ते अख्खं वर्ष वाया जाईल.

'आम्ही काय शोध लावणार, आम्ही तर ग्रॅज्युएशनला' हे तर बोलूच नका. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या वेगळ्याच पुंजक्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय, हे मला सांगता येत नाही, असंही त्याने सरळ लिहून टाकलं. (आपल्याकडच्या व्हायवात असं बोलून बघा!) पुढे कळलं की इन्शुलिन तयार होतं ते त्याच पुंजक्यांमध्ये.

ते इन्शुलिन हाती आलं १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरंटोमध्ये. डॉ. फ्रेडरिक बँटिंगना मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी मिळणार होते. आधी कोण जाणार यासाठी दोघांनी नाणं उडवलं आणि चार्ल्स बेस्ट जिंकला. वय २२, शरीरक्रियाशास्त्राची पदवी नुकतीच हातात. त्याचं मुख्य काम ऐकायला अगदीच साधं : कुत्र्यांच्या रक्तातली साखर मोजायची. पुन्हा मोजायची. परत मोजायची. त्या आकड्यांवरूनच कळत होतं की स्वादुपिंडाच्या अर्काने साखर उतरतेय. पुढे तो अर्क माणसाला देण्याइतका शुद्ध केला जेम्स कॉलिप यांनी. पण त्याआधीच्या उन्हाळ्यातले ते आकडे एका बावीस वर्षांच्या मुलाच्या हातचे होते.

आणि मोजायचं शिल्लक आहे ते आपल्याकडेच. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक मोठा धागा त्या फोटोत होता. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. वडापाव-कटिंगवर दिवस काढणाऱ्या, लोकलला लटकणाऱ्या, मेसचं जेवणाऱ्या विशीतल्या मुलामुलींची कंबर, नाडी, रक्तदाब किती, हे आपल्याइतकं जवळून कोण मोजणार?

त्याला करोडोंची मशिन्स लागत नाहीत. टेप, घड्याळ, बीपीचं यंत्र बास. पण शिस्त लागते. रक्तदाब घेण्याआधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, मध्ये गप्पा नाहीत आणि किमान दोनदा मोजणं. कँटीनमधून धावत आलेल्या मित्राला पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा कागदावर छान दिसेल, पण खोटा असेल.

दुसरी गोष्ट संमतीची. वर्गासमोर एखाद्या मुलीचं वजन मोठ्याने वाचणं हे संशोधन नाही, छळ आहे. हजेरीचा धाक घालून ज्युनियर्सना 'सॅम्पल' बनवणंही तेच. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतील तर पालकांची परवानगी हवी. मुलांची स्वतःची तयारीही. माणसांवरच्या अभ्यासाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ज्या कॉलेजात अशी समिती नाही, त्यांनी ती नेमावी नाहीतर जवळच्या मेडिकल कॉलेजशी करार करावा. प्राचार्यांनी मनावर घेतलं तर एका सेमिस्टरचं काम आहे.

आयसीएमआर १९७९ पासून मेडिकलच्या पदवी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देतेय. रिपोर्ट मंजूर झाला तरच पैसे आणि सर्टिफिकेट. विद्यापीठांनी बीएस्सी, होम सायन्स, फिजिओथेरपीच्या मुलांसाठीही असं काहीतरी सुरू करावं, रक्कम छोटी असली तरी चालेल. आणि 'फरक आढळला नाही' असा प्रामाणिक निष्कर्ष आला म्हणून मार्क कापणं थांबवावं. नाहीतर मुलं फरक 'आढळवतात', हे सगळ्या गाइडना ठाऊक असतं.

चौथ्या वर्षाचा फॉर्म भरणार असाल तर त्याआधी डिपार्टमेंटमध्ये तीन गोष्टी विचारून या : बीपीचं यंत्र शेवटचं कधी तपासलं, नैतिकता समितीवर कोण आहे आणि संध्याकाळी पाचनंतर लॅबची किल्ली कुणाकडे असते.