न विचारता गिळलेली गोळी

आपल्या भागातली मुलं आता फुटबॉल, कुस्ती, धावणे यांत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचू लागली आहेत. त्याचा आनंद आहेच. पण याच मुलांच्या पिशवीत हल्ली बुटांशेजारी एक मोठा प्लास्टिकचा डबाही दिसतो. जिमच्या ट्रेनरने दिला, मित्राने आणला, ऑनलाइन स्वस्तात मिळाला, असं मुलं सांगतात. आत काय आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सर, प्रोटीन आहे. सगळेच घेतात." ज्यांच्या घरात असा डबा आहे, त्यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेज खेळाडूची हकिकत वाचावी असं मला वाटतं.

विल ग्रिअर हा फ्लोरिडा विद्यापीठाचा खेळाडू. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. तिथे चेंडू हातात घेऊन पळतात आणि लांब फेकतात. मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांत ऐंशी-नव्वद हजार माणूस बसतो. चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा जो गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. ग्रिअर त्या जागेवर खेळत होता. २०१५ च्या मोसमात संघाने पहिले सहाही सामने जिंकले, आणि ऑक्टोबरात बातमी आली की तो उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरला आहे. बंदी पूर्ण एक वर्षाची. पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होता.

तो पत्रकारांसमोर आला आणि रडत रडत त्याने सांगितलं की दुकानात कुणालाही मिळतं असं एक सप्लिमेंट आपण घेतलं, आणि त्यात काय काय आहे हे संघाच्या वैद्यकीय मंडळींना विचारलं नाही. विचारायला माणसं तिथेच, रोजच्या भेटीतली होती. एक प्रश्न राहिला आणि वर्ष गेलं.

या चाचण्यांचा नियम साधा आहे. लघवीचा नमुना दोन बाटल्यांत भरून सील करतात. पहिल्या बाटलीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर दुसरी तपासता येते. तिच्यातही तेच निघालं, तर ते अंगात कसं गेलं हा पुढचा प्रश्न. जबाबदारी आधी खेळाडूची. 'मला ठाऊक नव्हतं' एवढ्याने सुटका होत नाही.

हे फार कडक वाटतं, आणि कधी कधी ते असतंही. डिसेंबर २०१८ मध्ये क्लेमसन विद्यापीठाच्या तीन खेळाडूंच्या नमुन्यात ऑस्टरिन नावाच्या द्रव्याचा अगदी किंचित अंश सापडला. त्यांतल्या डेक्स्टर लॉरेन्सने आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं सांगितलं. तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला तिघांनाही बाहेर बसावं लागलं.

आपल्याकडचं उदाहरण तर वाचकांना आठवत असेल. मुंबईचा पृथ्वी शॉ. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटलाइन निघालं. हे औषध खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असतं. त्याने ते खेळ सुधारण्यासाठी घेतलं नव्हतं, हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी दिलीच. वय एकोणीस, आणि कसोटी पदार्पणातच शतक ठोकलेला मुलगा. आपण घरोघरी खोकला झाला की कपाटातली बाटली काढून दोन चमचे पाजतो. खेळणाऱ्या मुलाच्या घरात ही सवय आता चालायची नाही.

तरीही नियम ढिला करा असं मी म्हणणार नाही. 'ठाऊक नव्हतं' हे कारण एकदा चाललं की मुद्दाम घेणाराही तेच सांगेल, आणि प्रामाणिकपणे घाम गाळणारा पोरगा मागे पडेल. शिक्षेचं माप हेतू पाहून कमी-जास्त व्हावं. चाचणी मात्र सगळ्यांना सारखीच हवी.

माझी तक्रार वेगळी आहे. बंदी येते ती पोरावर. ज्याने डबा विकला त्याचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं. ज्या ट्रेनरने 'महिन्यात फरक दिसेल' म्हणून सांगितलं, त्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेत अशी सप्लिमेंट्स बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही, आणि डब्यावर न छापलेली द्रव्यं आत सापडल्याची प्रकरणं तिथे वारंवार घडली आहेत. आपल्या गल्लीतल्या दुकानात तेच परदेशी डबे, आणि त्यांच्या नकलाही, येऊन पोचतात. आणि आपण आईबाप? पोराचे दंड फुगलेले दिसले की कौतुक करतो, कशाने फुगले ते विचारत नाही.

आपल्या देशात २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदा झाला. खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धांतही 'नाडा' नमुने घेते. म्हणजे ही गोष्ट मोठ्या खेळाडूंपुरती राहिलेली नाही. तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मी स्पर्धेत खेळतो' हे आधी सांगावं. प्रत्येक औषधाचं नाव नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' अ‍ॅपवर बघून घ्यावं. दम्यासारख्या आजारासाठी औषध घ्यावंच लागत असेल तर रीतसर परवानगीची सोय आहे, तिचा अर्ज वेळेवर करावा. डब्याऐवजी अंडी, दूध, शेंगदाणे, मासळी यांवर पैसे घातले तर ते वाया जात नाहीत.

आणि एक विनंती शेजाऱ्यापाजाऱ्यांना. एखाद्या मुलावर बंदी आलीच तर त्याला 'ड्रगवाला' म्हणू नका. उत्तेजक द्रव्य आणि नशेचं व्यसन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे कुजबुज करताना हा फरक कुणी करत नाही, आणि मग बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यातही तो विषय निघतो. ग्रिअर बंदीनंतर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून दोन मोसम उत्तम खेळला आणि २०१९ मध्ये कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. शिक्षा भोगून आलेल्याला तिथे पुन्हा मैदान मिळालं. आपल्या पोरांनाही ते मिळायला हवं.

— एक निवृत्त शिक्षक, कॅम्प, बेळगाव