फ्यूज शाबूत होता

परवा संध्याकाळी माझ्या पुतण्याच्या मुलाचा फोन आला. "आजोबा, नव्या होडीचा वायरिंग मी स्वतः करतंय. तुमी बघूक येशात?"

मी दोन क्षण काही बोललोच नाही. तो बिचारा तिकडे 'हॅलो, हॅलो' करत राहिला. त्याला वाटलं रेंज गेली. रेंज होती. मीच सहा-सात वर्षं मागे गेलो होतो.

आमच्या नात्यातल्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे. पुतण्याचा हात भाजला एवढंच बहुतेकांना माहीत. कशाने भाजला, कोणामुळे भाजला, हे मी कधी नीट सांगितलं नाही, आणि तो तर सांगणारच नाही. आज लिहून टाकतो. शिवाय या विषयावर माझं एक ठाम मतही झालेलं आहे, तेही सांगायचं आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. विजेचा आणि माझा संबंध एवढाच, की १९८६ साली घर बांधलं तेव्हा वायरमनच्या हाताखाली आठ दिवस काम केलं. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवे, वाडीतल्या गणपतीची आरास, शेजाऱ्यांचे बिघडलेले पंखे. 'गुरुजींका सगळा येता' अशी ख्याती झाली, आणि ख्याती झाली की माणूस स्वतःही त्यावर विश्वास ठेवू लागतो.

२०१८ च्या पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली होती. तीस फुटी फायबरची होडी, आत लहानसं डिझेल इंजिन. पुतण्याला दिवे, जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, पाणी उपसायचा पंप आणि मोबाइल चार्जिंग एवढं हवं होतं. (दिवे म्हणजे साधे, कामापुरते. पाण्यात प्रखर एलईडी सोडून केलेल्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, त्याच्याशी आमचा संबंध नाही.) कारागिराने सांगितलेली रक्कम ऐकून मी म्हटलं, "एवढे पैसे कशाला? बारा व्होल्टची तर बॅटरी. हात लावला तरी झटका बसत नाही. मी करतो."

माझी पहिली चूक या वाक्यातच होती. बारा व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत, हे खरं. पण आग लावायला व्होल्ट लागत नाहीत, अँपियर लागतात. शंभर अँपियर-अवरची साधी बॅटरी शॉर्ट झाली तर तारेतून शेकडो अँपियर ओतते. घरातल्या १५ अँपियरच्या प्लगच्या मानाने हे किती झालं, तुम्हीच बघा.

घर बांधताना उरलेलं वायरचं भेंडोळं माळ्यावर होतं, तेच वापरलं. चाकाजवळ छान लाकडी फळी केली, त्यावर ओळीने स्विच आणि प्रत्येकाला फ्यूज. बॅटरी मागे इंजिनच्या खोपीत. तिथून फळीपर्यंत एक लाल तार नेली, इंजिनाच्या बाजूने. काम देखणं झालं होतं. पुतण्याने मोबाइलवर फोटोही काढले. मी एकदा विचारलं होतं, "ही तार इंजिनाला घासणार तर नाही ना रे?" तो म्हणाला, "काय एक होवचा नाय, काकानु." आणि मला तेच ऐकायचं होतं.

डिसेंबरात पहाटे चारच्या सुमारास, किनाऱ्यापासून पाचेक मैलांवर, ती तार घासून उघडी पडली आणि इंजिनाच्या धातूला टेकली. इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं. तार लालबुंद झाली, वरचं प्लास्टिक पेटलं, खोपीत धूर भरला. शेजारी डिझेलची टाकी. होडीवर चार माणसं. बॅटरी तोडायला मेन स्विच मी ठेवलाच नव्हता. नट खोलायला पाना शोधायची वेळ नव्हती. पुतण्याने उजव्या हाताने ती तार धरली आणि उपटून काढली.

डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की चालत राहायला त्याला विजेची गरज नसते, म्हणून ते परत आले. दिवे नाहीत, जीपीएस नाही, एका हातात टॉर्च.

दुसऱ्या दिवशी मी होडीवर गेलो. फळीवरचे फ्यूज एकेक काढून पाहिले. सगळे शाबूत होते. एकही उडाला नव्हता.

मंडळी, त्या दिवशी मला फ्यूज म्हणजे काय ते कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, फ्यूज हा दिव्याचं, यंत्राचं रक्षण करतो. तसं नाही. फ्यूज तारेचं रक्षण करतो, आणि तेही फ्यूजच्या पुढच्या तारेचं. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार उघड्यावरच असते. माझी ती तार आठ फूट लांब होती. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात हा फ्यूज बॅटरीपासून साधारण सात इंचांच्या आत असावा असं म्हटलेलं आहे. कुठे सात इंच आणि कुठे आठ फूट! स्टार्टरची जाड केबल सोडली, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या प्रत्येक तारेला लगेच तिथेच फ्यूज हवा, आणि त्याच्याजवळ हाताला लागेल असा मेन स्विच. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

त्यानंतर मी वाचायला लागलो. ज्या वयात लोक पोथी हातात घेतात त्या वयात मी होडीचं वायरिंग वाचत होतो. वाचता वाचता आणखी चुका सापडत गेल्या, आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच होतं. मी होडीला घर समजलो होतो.

घराच्या भिंती हलत नाहीत. होडी अखंड थरथरत असते. म्हणून एकसंध जाड तार होडीत चालत नाही, वाकून वाकून आतल्या आत तुटते. बारीक तारांच्या पिळाची वायर हवी. शिवाय मिठाची हवा. साधं तांबं काही महिन्यांत हिरवट-काळं पडतं आणि तो रोग वायरच्या आत पुढे पुढे सरकतो. त्यावर उपाय म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याची वायर. आमची आजी कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी करू देत नसे, ते मला तेव्हा आठवलं. तिला जे कळत होतं ते मला वायर घेताना सुचलं नाही!

घरात दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली की वर्षानुवर्षं चालतं. होडीत ती टेप उन्हात सुटते आणि आत ओल शिरते. तिथे योग्य मापाच्या लग्ज, दाबायचं खरं अवजार (पक्कड नव्हे!) आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली, गरम केली की आवळणारी नळी लागते. नुसतं डाक देणंही बरं नाही. डाक दिलेला भाग कडक होतो आणि कडक भाग जिथे संपतो तिथे थरथरीने तार तुटते. आणि जोड कधीही तळातल्या पाण्याच्या पातळीत करू नये.

मग जाडीचा प्रश्न. हे मी सातवीच्या पोरांना सांगावं तसं सांगतो. ६० वॉटचा दिवा घरात २३० व्होल्टवर पाव अँपियर खातो. तोच ६० वॉटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपियर खातो. आठ मीटर जायची आणि आठ मीटर यायची अशी दीड चौरस मिलिमीटरची तार धरली, तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट हरवतो. घरात २३० मधला एक गेला तर कळतही नाही. होडीत बारामधला एक म्हणजे आठ टक्के! चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर हेच नुकसान तीन टक्क्यांच्या आत येतं, आणि मार्गदर्शक दिव्यांसाठी व यंत्रांसाठी तेवढंच चालतं. अंतर मोजताना जाणं आणि येणं दोन्ही धरायचं. मी एकच धरलं होतं.

येण्यावरून आठवलं. जीप-ट्रकमध्ये गाडीचा सांगाडाच निगेटिव्ह असतो, म्हणून मीही जवळच्या दिव्यांची निगेटिव्ह तार थेट इंजिनाच्या बोल्टला अडकवली होती. होडीत तसं करू नये. प्रत्येक दिव्याची परतीची तार स्वतंत्रपणे निगेटिव्हच्या पट्टीवर आणावी. खाऱ्या पाण्यात भरकटलेला प्रवाह धातू खातो, पंख्याचा दांडा पोखरतो. 'पण खाली जस्ताचा तुकडा लावलाय की,' असं कोणी म्हणेल. तो तुकडा वेगवेगळ्या धातूंच्या भांडणापुरता आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराला १८२४ मध्ये सुचवलेली ती युक्ती, तांब्याच्या पत्र्याऐवजी दुसऱ्या धातूने झिजायचं. बॅटरीचा प्रवाह पाण्यात सुटला तर ते जस्त किती दिवस पुरणार?

आणखी तीन गोष्टी भराभर सांगतो. पाणी उपसायच्या पंपाची आणि त्याच्या तरंगत्या स्विचची तार मेन स्विचच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. नाहीतर मेन बंद करून तुम्ही घरी झोपता आणि रात्रीच्या पावसात नांगरलेली होडी भरते. बॅटरी पेटीत घट्ट बांधलेली असावी, पॉझिटिव्हवर टोपी असावी, आणि पेटीला वर हवा जायला जागा असावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. काढताना निगेटिव्ह आधी काढायचं, म्हणजे पाना चुकून इंजिनाला लागला तरी ठिणगी पडत नाही. आणि होकायंत्राच्या शेजारून तारा नेऊ नयेत. नेल्याच तर दोन्ही एकमेकींत पिळून न्याव्यात. दिवा लावून-विझवून सुई हलते का ते पाहावं. जीपीएस बंद पडल्यावर तीच सुई घरी आणणार असते.

आता मताचा भाग. हे वाचून पुष्कळजण म्हणतील, 'मग कारागिराकडून करून घ्यायचं, विषय संपला.' माझ्या थोरल्या भावानेही मला तेव्हा एकच वाक्य ऐकवलं, "तुका कोणी सांगितल्यान होता?" त्याचं बरोबरच होतं. तरीही मला वाटतं, की होडीवाल्याने आपलं वायरिंग शक्य तर स्वतःच करावं. पाच मैल आत, पहाटे चार वाजता, तिथे कुठला कारागीर येणार? कुठली तार कुठून जाते, कुठला फ्यूज कशाचा, हे ज्याने स्वतःच्या हाताने केलं त्यालाच अंधारात सापडतं. त्या रात्री पुतण्याला ते ठाऊक नव्हतं, कारण केलं मी होतं. त्याने फक्त फोटो काढले होते.

पण स्वतः करणं म्हणजे अंदाजपंचे करणं नव्हे. आधी कागदावर नकाशा काढा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. मग जाणत्या माणसाला तपासायला द्या, आणि त्याने चूक काढली तर राग धरू नका. पन्नास मुलांच्या वह्या तपासणारा मी, माझी वही कोणाला दाखवली नाही. एवढाच माझा गुन्हा, पण तो लहान नाही. आणि मनात शंका आली असताना 'काय एक होवचा नाय' हे उत्तर स्वीकारू नका, मग ते देणारं माणूस कितीही जिव्हाळ्याचं असो.

पुतण्याने आजवर मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. त्याच्या उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. थंडीत तर जाळं ओढताना तो डाव्या हातावर भार घेतो. मी किनाऱ्यावर उभा असलो की मुद्दाम उजवा हात पुढे करून मला होडीत घेतो. त्याला वाटतं मला कळत नाही.

असो. नातवाला मी म्हटलं, "येतो रविवारी. पण आधी नकाशा काढून ठेव, आणि बॅटरीपाशी फ्यूज कुठे घेतलास ते त्यात लाल शाईने दाखव." तो हसला. म्हणाला, "बाबानी पयलाच ताच सांगल्यानी."