अंगठा तुमचा, मोबाइल नंबरही तुमचाच असू द्या

उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, लाडक्या बहिणीची ई-केवायसी. सरकारी कामं ऑनलाइन झाली असं आपण म्हणतो, पण खेड्यापाड्यांत आणि शहरातल्या वस्त्यांत ती सेवा केंद्रातल्या मुलाच्या हातून होतात. फॉर्म तो भरतो, कागद तो स्कॅन करतो, आणि ओटीपी आला की आपण तो मोठ्यानं वाचून दाखवतो. मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही तो ऐकू जातो. माहितीच्या सुरक्षेबद्दल जे सांगितलं जातं, ते स्वतःचा संगणक, स्वतःचा पासवर्ड असलेल्या माणसाला धरून. माझी विनंती मात्र दुसऱ्याच्या हातून काम करून घेणाऱ्यांना आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त काही गोष्टी आपल्या हातात ठेवायला हव्यात.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. फॉर्म भरताना गर्दी असते, आपला फोन घरी राहिलेला असतो किंवा त्याला रेंज नसते. मग केंद्रातला माणूस म्हणतो, ‘काका, माझाच नंबर टाकतो, काम लवकर होईल.’ काम लवकर होतं हे खरं. पण त्या दिवसापासून त्या खात्याचे सगळे ओटीपी त्याच्या फोनवर जातात. पासवर्डही त्यानंच ठरवलेला असतो, कधीकधी पन्नास जणांना एकच. माणूस भला असेल, बहुतेक असतातच. पण उद्या तो केंद्र सोडून गेला, त्याचा फोन चोरीला गेला, तर तुमच्या खात्याची किल्ली कुठे आहे हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी यावं लागलं तरी चालेल, नंबर स्वतःचा द्या. युजर नेम आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या, आणि घरी कुणाकडून तरी तो पासवर्ड बदलून घ्या. जुनं सिम बंद केलं असेल तर बँकेत आणि आधारला नवा नंबर आधी जोडून घ्या. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

आता अंगठा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा त्याच्याकडे ओळखीचा पुरावा म्हणून पाहिलं जात होतं. आज त्याच अंगठ्यावर रेशन मिळतं, सिम मिळतं आणि बँकेतले पैसेही निघतात. गावात मशीन घेऊन बसणाऱ्या बँक मित्राकडे आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम काढता येते. तिथे ओटीपी नाही, पिन नाही. ज्या म्हातारीला बँकेपर्यंत जायला अर्धा दिवस लागायचा, तिच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण तिथेच फसवणूकही होते. ‘नेट स्लो आहे, परत अंगठा ठेवा’ असं सांगून दुसऱ्यांदा ठसा घेतात, आणि दोनदा पैसे निघतात. म्हणून प्रत्येक ठशाची पावती मागा. व्यवहार फेल झाला असेल तर फेल झाल्याचीही मागा. पावती मिळाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका, मागचे लोक कितीही घाई करोत.

जमिनीच्या खरेदीखतावरचे ठसे उचलून, त्यांच्या नकली प्रती बनवून पैसे काढल्याची प्रकरणंही देशात पोलिसांनी पकडली आहेत. त्यावर उपाय आहे. आधारच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर आपले ठसे लॉक करता येतात. लॉक असताना तो अंगठा कुठल्याच मशीनवर चालत नाही, रेशन दुकानातही नाही. तिथे जाण्याआधी तो थोड्या वेळापुरता उघडावा लागतो, त्यामुळे ज्यांच्या घरी स्मार्टफोन वापरणारं कुणी आहे त्यांनीच हे करावं. बाकीच्यांनी आपल्या बँकेत जाऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय खात्यापुरती बंद करता येते का, हे विचारावं. आधारच्या वेबसाइटवर आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची नोंदही दिसते. मुलांनी सुट्टीत घरी आल्यावर आईवडिलांची ती नोंद एकदा काढून बघावी.

आधारच्या झेरॉक्सबद्दल लोकांचा गोंधळ आहे, आणि तो उगाच नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं सांगितलं, आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. माझ्या मते पहिला सल्लाच बरा होता. लॉजवर, कुरियरवाल्याकडे, सोसायटीच्या गेटवर पूर्ण नंबर देण्याची गरज नसते. फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करता येतं, तेच द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून तारीख आणि कारण लिहा. आणि ग्रामसेवकांना, सरपंचांना हात जोडून सांगणं आहे: लाभार्थ्यांच्या याद्या आधार नंबर आणि खाते क्रमांकासकट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाचा आधार नंबर असा जाहीर करायला कायद्यानंच मनाई आहे.

माहिती आधीच बरीच बाहेर गेलेली आहे, हेही मान्य करू या. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला की कोविडची लस घेतलेल्यांचा तपशील समोर येत होता. कोविनचं पोर्टल सुरक्षित आहे असं सरकारनं तेव्हा सांगितलं, पण लोकांची माहिती फिरली ती फिरलीच. त्यातून आपण घ्यायची गोष्ट ही, की फोनवरच्या माणसाला तुमचं नाव, जन्मसाल, आधारचे अंक ठाऊक आहेत म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही. तो पोलिसाच्या वर्दीत व्हिडिओ कॉलवर दिसला तरी नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हॉट्सॲपवर ‘चलन’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ती सगळा फोन दुसऱ्याच्या हाती देऊ शकते. वेबसाइटच्या नावात सुरुवातीचं ‘https://’ सोडून, पहिल्या तिरप्या रेघेआधीचं शेवटचं टोक वाचा: तिथे ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ नसेल तर आधार किंवा ओटीपी टाकण्याआधी थांबा आणि कार्यालयात विचारा.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग ऑनलाइनच्या भानगडीत पडायलाच नको. तसं करू नका. राज्यात २०१५ पासून सेवा हक्क कायदा आहे. अर्जाचा क्रमांक हातात असला की दाखला किती दिवसांत मिळायला हवा हे विचारता येतं, उशीर झाला तर अपील करता येतं. पूर्वी साहेब जागेवर नाहीत म्हणून चार खेपा व्हायच्या, ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही.

आणि पैसे गेलेच, तर वेळ फार महत्त्वाचा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, दोन्हीकडचे तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असला तरी कळवा, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर असतं. घरातल्या तरुणांनो, अशा वेळी आईवडिलांवर ओरडू नका. मुलगा रागावेल या भीतीनं माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तोवर पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात. आधी १९३० लावा. कुठे काय चुकलं ते नंतर बसून बोलता येईल.